बुडुक

त्या घरात शब्द चालायचा तो बरणीचा. माणसांचं काय, ती बोलत राहायची.

बरणी मांडीएवढी उंच, गळ्याशी निमुळती, पोटात काळपट लाल रस. तोंडाला रबरी बूच, बुचातून निघालेली नळी शेजारच्या कपातल्या पाण्यात बुडवलेली. आत आलुबुखाराचा रस आंबायचा, त्याची हवा नळीतून बाहेर पडायची आणि कपातलं पाणी म्हणायचं, बुडुक. जरा दम खाऊन पुन्हा, बुडुक. आणि ही बया उभी कुठे, तर झोपायच्या खोलीत, पाळण्याच्या उशाशी. का, तर घरातली सगळ्यात उबदार जागा तीच, असं नवऱ्याचं ठाम मत.

नवरा मोजणीदार. बांध वीतभर सरकला म्हणून भांडणाऱ्या सख्ख्या भावांना समोरासमोर उभं करून तो पुन्हा पुन्हा टेप लावायचा. एका बागेची मोजणी आटोपून येताना मालकानं टोपलीभर आलुबुखार दिले, आणि त्याच संध्याकाळी गड्याच्या डोक्यात वाइनचं खूळ शिरलं. जगाची जमीन तसूतसूनं मोजणारा हा माणूस, पण साखर घालताना हात सैल सोडून मोकळा.

"किती घातलीस?" तिनं विचारलं होतं.

"अंदाजे."

"अंदाजे म्हणजे?"

"अगं, हाताला कळतं."

त्याच्या हाताला बाळाची दुपटी कुठल्या कप्प्यात असतात ते अजून कळलेलं नव्हतं, पण साखर कळत होती. ती स्वतः इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. थेंब इकडचा तिकडे झाला तर जिचा जीव खालीवर व्हायचा, तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. अंगावर पिणारं बाळ आहे तोवर तिला त्या वाइनचा घोटही घ्यायचा नव्हता. म्हणजे वास तिला, पसारा तिला, फरशीवरचे डाग तिला, आणि चव जगाला.

ती बरणी केव्हाच अंगणात गेली असती. पण मध्ये चिंगी आली.

चिंगीचं झोपेशी जन्माचं वैर. खांद्यावर घेतलं तरी टक्क, मांडीवर घेतलं तरी टक्क, पाळण्यात ठेवलं की पाठीला काटे लागल्यासारखी किंचाळायची. सासूबाई अंगाई म्हणून म्हणून स्वतः पेंगायच्या आणि पोर त्यांच्याकडे कुतूहलानं बघत बसायची. बरणी उशाशी आली त्या दुपारी मात्र चिंगीनं मान वळवली. बुडुक. डोळे मोठे झाले. बुडुक. मग जड झाले. बुडुक. आणि पोर झोपली, गाढ, मूठ उघडून.

आईचा जीव भांड्यात पडला. पण तो भांड्यात फार दिवस राहिला नाही, कारण काही दिवसांनी चिंगीनं पहिला शब्द उच्चारला. 'आई' नाही, 'बाबा' नाही. बरणीकडे बोट करून, लाळ गाळत ती म्हणाली, "बुक."

"नऊ महिने पोटात मी वाहिलं," ती सासूबाईंना म्हणाली, "आणि नाव घेतलं कुणाचं, बघा."

"बरणीचंही पोटच मोठं आहे हो," सासूबाई म्हणाल्या. त्यांना विनोद सुचला की आवरायचा नाही.

तर अशा या घरात तिनं मैत्रिणींना जेवायला बोलावलं. दोघीच. एक्स-रे काढणारी लांबी, जिला दारातून वाकूनच आत यावं लागायचं, आणि भूलबाई, म्हणजे ऑपरेशनच्या आधी भूल देणारी डॉक्टर. बाळ झाल्यापासून तिनं या दोघींशी धड गप्पा मारल्या नव्हत्या. पण खरं सांगायचं तर गप्पांपेक्षाही तिला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते सांगायची लाज वाटावी इतकं ते साधं होतं. तिला गरम जेवायचं होतं. बसून, दोन्ही हातांनी, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, मध्ये न उठता. चिंगी आल्यापासून तिनं प्रत्येक जेवण डाव्या कडेवर पोर आणि उजव्या हातात चमचा असं उरकलं होतं. चहाला साय, डाळीला साय, तिच्या स्वभावालाही साय धरू लागली होती. तक्रार केली की नवरा समजूत घालायचा, "गारही चांगलं लागतं गं. चव उलट जास्त कळते."

हे सांगताना त्याच्या स्वतःच्या ताटातून वाफ निघत असायची.

जेवणाचं ठरलं आणि नवऱ्याला वाटलं, हा आपल्या वाइनचाच सोहळा. रोज कामावरून आला की बूट न काढता बरणीपुढे उकिडवा बसायचा.

"बुडबुडे थांबले की बाटल्यांत भरायची. पण ही थांबतच नाही! कालपर्यंत मंदावली होती, आज पुन्हा जोरात."

"उष्मा असेल," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

उष्मा कसला! दुपारी बुडुक आणि बुडुक यांच्यातली शांतता लांबली की चिंगीचा एक डोळा उघडायचा. दुसरा उघडायच्या आत ती बूच काढून मूठभर साखर आत सोडायची. तासाभरात बरणी पुन्हा तालात. थेंब मोजणारी बाई मुठीनं साखर फेकू लागली होती. त्याचं तिला वाईट वाटायचं, पण झोपलेल्या चिंगीकडे बघितलं की तेवढं वाटायचं नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी ती भाज्या चिरत असताना नवऱ्यानं बाही वर सरसावली. "थांबो न थांबो, आज भरणारच. पाहुण्यांपुढे बरणी ठेवू का?"

"भरू नकोस. आज तरी नको. बरणी गप्प झाली की पोर जागी होईल."

"एका बरणीवाचून आभाळ कोसळणार आहे?"

"झोपवणार कोण?"

"मी! मी झोपवीन. तू खुर्चीवरून उठायचंसुद्धा नाही. दिला शब्द."

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि लसणातच बघत राहिल्या.

मैत्रिणी दिवेलागणीला आल्या. लांबी वाकून आत आली आणि नेहमीप्रमाणे तरीही चौकटीला डोकं लावलंच. टेबलावर भोपळ्याचं सूप, भाजलेले बटाटे, ओव्हनमधून नुकताच काढलेला पाव. मधोमध सरबताच्या जुन्या बाटल्यांमध्ये भरलेली वाइन, नवरदेवासारखी सजवून ठेवलेली. ती खुर्चीवर बसली. दोन्ही हात मोकळे आहेत हे बघून तिला क्षणभर सुचेचना, त्यांचं करायचं काय. तिनं चमचा सुपात बुडवला, तोंडापर्यंत नेला. वाफ नाकाला लागली.

आतून चिंगीनं सूर लावला.

"बस, बस! मी आहे ना," नवरा म्हणाला आणि बाटलीचं बूच काढायला लागला. "एवढं एक उघडतो."

त्याला उघडावं लागलं नाही. बूच आपणहून उडालं, दिव्याला आपटून बटाट्यांत पडलं. पाठोपाठ दुसऱ्या बाटलीचं. लाल फेस टेबलावरून वाहत थेट लांबीच्या मांडीवर. त्या आवाजानं चिंगीनं आता टिपेचा सूर धरला. आई उठली. अर्थातच तीच उठली. बाकी सगळे फडकी शोधत होते, आणि फडकी कुठे असतात तेही तिलाच माहीत होतं.

"आण इकडे," भूलबाईनं हात पुढे केले. "पैलवानांना झोपवते मी. दहापर्यंत आकडे म्हणायला सांगते, चारच्या पुढे कुणी जात नाही."

चिंगीनं तिच्या चष्म्याला हात घातला आणि अशी काही किंचाळली की भूलबाईच बधिर झाली. "हिला डोस वाढवावा लागेल," असं म्हणत तिनं पोर परत केली.

तोवर नवऱ्यानं उरलेली वाइन पेल्यांत ओतली होती. लांबीनं घोट घेतला, डोळे मिटले, उघडले.

"हे खोकल्याचं आहे का?"

"वाइन आहे!"

"म्हणजे, छान आहे. खोकला असता तर गेला असता."

नवऱ्यानं चाखली आणि त्याचा चेहराच पडला. "इतकी गोड? आणि अजून आंबतेय? मी तर सुरुवातीला घातली तेवढीच... म्हणजे, नंतर एकदा-दोनदा थोडी."

"नंतर?" कडेवर पोर हलवत ती थबकली. "नंतर कधी?"

"सकाळी निघताना. बुडुक थांबलं की चिंगी उठायची, तुझी झोप मोडायची, म्हणून चमचाभर..."

"चमचाभर! आणि मी दुपारी मूठभर टाकत होते."

  सासूबाईंनी पेला हळूच खाली ठेवला.

"मी संध्याकाळी टाकायचे," त्या म्हणाल्या. "वाटीनं. मला काय माहीत तुम्हीही टाकताय? म्हटलं, पोरीला आणि पोरीच्या आईला जरा डोळा लागू दे." मग पेला पुन्हा उचलला. "पण काही म्हणा, मला आवडली. अजून जरा दे बघू, नीट कळली नाही."

लांबी हसून हसून फेसावरच घसरली. नवराही हसला, सासूबाई हसल्या. आणि ती उभी होती, खांद्यावर पोर, केसांत वाइन, समोर साय धरलेलं सूप.

"हसा," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. नवऱ्याला तो खालचा आवाज ठाऊक होता, तो हसायचा थांबला. "सगळ्यांनी माझ्यासाठी साखर टाकली. फार उपकार झाले. पण एकानंही म्हटलं नाही, दे ती पोर इकडे आणि जेव."

तिनं चिंगीला त्याच्या हातात ठेवलं. स्वयंपाकघरातून धुतलेली रबरी नळी आणली, कपात पाणी ओतलं आणि दोन्ही त्याच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"शब्द दिला होतास ना? चल. फुंक."

तो आत गेला. थोडा वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग एक अडखळता बुडुक. मग दुसरा. रडणं दचकून थांबलं. "बुक?" चिंगीनं विचारलं. बुडुक, कपानं उत्तर दिलं.

सासूबाई उठल्या, तिचं सूप पातेल्यात ओतून कढत करून आणलं, पाव पुन्हा गरम केला आणि तिच्या खांद्याला जरासं दाबून खाली बसवलं. "खा. कुणी हाक मारली तर मी बहिरी, तू मुकी."

ती जेवली. पहिल्या घोटाला जीभ पोळली आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणींनी ते सुपाच्या वाफेवर ढकललं. भूलबाईनं ऑपरेशनच्या टेबलावर गाणी म्हणणाऱ्या पेशंटचा किस्सा सांगितला, लांबीनं अंगठी गिळलेल्या नवरदेवाचा, आणि ती दोन्ही हातांनी पाव मोडत शेवटपर्यंत ऐकत राहिली. मध्येच आतला आवाज थांबला.

"अगं, माझं जेवण..."

"फुंक!" चौघी एका सुरात ओरडल्या.

बुडुक.

बटाटे संपले तेव्हा ती उठली आणि दाराच्या फटीतून डोकावली. चिंगी केव्हाच झोपली होती, मूठ उघडून, ओठ जरासे विलग. पाळण्याशी तो मांडी घालून बसलेला, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, कपाळावर घाम. इतकं मन लावून त्यानं कुणाचा बांधही मोजला नसेल. तिला त्याची माया आली. अगदी खरी आली.

चाहूल लागून त्यानं एक डोळा उघडला आणि भुवयांनीच विचारलं, झोपली?

"अजून जरा," ती कुजबुजली. "आणि जेवणाची काळजी करू नकोस. गारही चांगलं लागतं. चव उलट जास्त कळते."

दार हळूच ओढून घेऊन ती टेबलाशी परतली. गोडाला म्हणून ओव्हनमध्ये ठेवलेलं सफरचंद अजून कढत होतं.