मोजणीचा आठवडा

खंडाळ्याच्या पंप कारखान्यातली लायब्ररी सुमैरा बागवान सांभाळायची. कारखान्यात लायब्ररी कशाला, असं विचारणाऱ्यांची तोंडं कोण धरणार! पण ओतकामाला भेगा पडल्या की तीच माणसं तिच्याकडे धावायची. पुस्तकाला कुणी हात लावायचं नाही, हात तेलकट. दारातूनच अडचण सांगायची. सुमैरानं पान शोधून मोठ्यानं वाचायचं, मराठीत उकलून सांगायचं. नोंद कसली नि काय!

मुख्य कचेरीला मात्र आकडे हवे होते. म्हणून पुण्याहून प्रांजल आली. आठवडाभर बसून ती येणारी माणसं मोजणार आणि त्यावरून लायब्ररी ठेवायची की बंद करायची ते ठरणार. कारखान्यात सगळ्यांना एवढंच कळलं, लायब्ररीची तपासणी आहे.

सांगलीहून अब्बांचा फोन आला. पीरमहंमद हळदीचे जुने व्यापारी. म्हणाले, "बेटा, माणसांना आधी सांगून ठेव."

"सांगून आणलेली माणसं कसली मोजायची, अब्बा! रीघ बघून थक्क होईल ती."

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी भट्टीवरचा नानासो दारावरून गेला, आत डोकावला आणि पाय न थांबवता निघून गेला. सुमैरा खुर्चीतून अर्धी उठली. इतकी वर्षं यांच्यासाठी घसा कोरडा केला, आणि ऐन वेळेला एकही फिरकू नये? हाक मारावी असं शंभरदा वाटलं. पण तिनं काही मारली नाही.

शुक्रवारी प्रांजलनं लॅपटॉप मिटला. "वाईट वाटतंय मॅडम. पण जे पाहिलं तेच लिहिणार."

"एरवी येतात हो."

"सगळीकडे मला हेच सांगतात," प्रांजल हळूच म्हणाली.

सोमवारी सकाळीच खोली रिकामी करायचा निरोप आला. सुमैरा खोक्यांत पुस्तकं भरत होती, तोच दारात ही गर्दी! पुढं नानासो.

"आवं मॅडम, गेल्या का त्या बाई? सुटलो! या रं गड्यांनो. भेगा परत पडल्यात, आठवडाभर दम काढलाय."

"मग आला का नाहीत?" तिचा आवाज चढला.

"तपासणीला सायेब आलं की आमी मशीन पुसून लांब हुबं ऱ्हातो, तसंच. सगळ्यास्नी बजावलं, मॅडमच्या खोलीत पाय ठिवायचा न्हाई, तेलाचा डाग दिसाया नको. चकचकीत दिसली नव्हं?"

सुमैराचा राग विरघळला. डोळे भरून आले. कुणावर चिडणार? अब्बांचं ऐकलं असतं तर!

"लई चकचकीत दिसली, नानासो."

"मंग ही खोकी?"

"त्या बाई खोली बघायला नव्हत्या आल्या. माणसं मोजायला आल्या होत्या."

नानासोनं मागं वळून गर्दीकडं पाहिलं. मग टोपी काढून हातात धरली. "म्हंजी आमीच…"

"आत या," सुमैरा म्हणाली आणि भेगांचं पुस्तक काढायला तिनं पहिलं खोकं उपसायला घेतलं.