कोणत्या पाण्यात हाक मारायची

पत्रू मेला ही बातमी घेऊन मुखरू ढिवर तुमडीटोल्याला निघाला तेव्हा भादवा सरत आला होता. आष्टीच्या घाटावर वैनगंगा फुगलेली होती, डोंगा सुटत नव्हता, आणि काठावर बसलेल्या मुखरूला मनातून वाटत होतं की तो आणखी काही दिवस सुटला नाही तरी बरंच. बातमी सांगायची होती ती त्यालाच. दुसरं कोणी नव्हतं.

दोघं एकाच गावचे. मुखरू ढिवरांच्या टोलीतला, मासोळ्या मारणारा. पत्रू गोंडांच्या टोलीतला. आलापल्लीच्या जंगलात सागवान कापायला दोघं जोडीने लागले होते. एकाच आरीच्या दोन टोकांना वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांना एकमेकांशी फार बोलावं लागत नाही, तसं त्यांचं झालं होतं. पुढे दगडमाती तपासणारी एक सरकारी तुकडी त्या भागात आली आणि ही जोडी तिच्यात खलाशी म्हणून लागली. सामान वाहायचं, साखळी धरायची, तंबू ठोकायचे, चहा करायचा. साल सत्तावन्न. त्या वर्षी जगभरातले शास्त्रज्ञ पृथ्वीची मोजदाद करायला निघाले होते, आणि तुकडीच्या साहेबाकडे हिमालयातल्या बर्फाचं काम आलं. त्याने विचारलं, "येता का रे?"

पत्रू म्हणाला, "मुखरूभाऊ येत असन तर येतो." मुखरूचंही उत्तर तेच होतं.

काम तसं साधं होतं. डोंगरांच्या मधल्या दरीत बर्फाचा एक लांबच लांब पट्टा पडलेला होता. साहेब त्याला हिमनदी म्हणे. तिच्या पाठीत भोकं पाडून बांबू रोवायचे आणि मधूनमधून जाऊन पाहायचं, बर्फ किती आटला आणि बांबू जागेवरून किती सरकले. बांबू सरकत. पहिल्यांदा साहेबाने ते दाखवलं तेव्हा पत्रू कितीतरी वेळ बर्फाला कान लावून पडला होता. "चालून राह्यली भाऊ," तो म्हणाला, "पोटातल्या पोटात कुरकुरून राह्यली."

एका स्वच्छ सकाळी वरच्या बांबूंकडे पत्रू आणि दोन पहाडी माणसं गेली. मुखरू खाली तंबूपाशी भात रांधत होता. आधी आवाज आला, मेघ गडगडावा तसा, पण आभाळ निळंभोर. मान वर केली तर डोंगराची एक अख्खी पांढरी बाजू सुटून खाली येत होती. बर्फाचा धुरळा बसला तेव्हा बांबू नव्हते, माणसं नव्हती, वाटही नव्हती. त्यांनी फावड्यांनी खोदलं, मग हातांनी. पहाडी माणसांपैकी एक सापडला, पण मेलेला. पत्रू सापडला नाही. मुखरूच्या डाव्या पायाची बोटं त्या खोदण्यात काळी पडली आणि दवाखान्यात ती कापावी लागली.

एवढं सगळं पत्रूच्या अंगणात सांगायचं होतं. अंगणात पत्रूची म्हातारी माय सोमारी होती, बायको सुकरी होती, धाकटा भाऊ बिरजू होता. मुखरू लंगडत आत आला आणि त्याच्या मागे कोणी नाही हे पाहूनच सुकरीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"बर्फ म्हंजे काय?" सगळं ऐकून सोमारीने विचारलं.

"गारा पडतात नाई का माय, तशा. पण पहाडाएवढ्या."

"मंग गारा तं विरघळते."

"ह्या नाई विरघळत. वरून नव्या पडत राह्यतात."

सुकरी रडली नाही. तिने विचारलं, "मुडदा कुठी आहे?"

"आतच आहे बाई."

"काऊन नाई आणला?"

मुखरूने आपला पाय पुढे केला. दुसरं काय दाखवणार? मग, तिला काहीतरी द्यावं म्हणून, साहेब जे बोलला होता ते त्याने सांगितलं. ती नदी आहे. फार हळू चालते, पण चालते. जे पोटात घेते ते एक दिवस खाली, जिथे बर्फ संपून पाणी सुरू होतं तिथे, आणून टाकते.

"कवा?"

"साहेब म्हणे, आपल्या जित्तेपणी नाई."

गावचा भुमिया चैतू, देवाधर्माचं पाहणारा म्हातारा, दुसऱ्या दिवशी आला. गोंडांच्या रीतीप्रमाणे माणूस मेला की काही दिवसांनी नदीवर जाऊन त्याला हाक मारतात. पाण्यात फडकं धरतात, आणि फडक्यात जो जीव येईल, मासोळी म्हणा, झिंगा म्हणा, तो मेलेला माणूस समजून नव्या गाडग्यात घरी आणतात. मग तो घरच्या पेनांत, पूर्वजांत मिळतो. तोवर मेलेला उघड्यावर असतो आणि घरची माणसं ना धड सुतकात, ना सुतकाबाहेर.

चैतूने मुखरूला विचारलं, "तिथलं पाणी आपल्या नदीत येते का रे?"

मुखरूला हो म्हणता आलं असतं. पण साहेबाने वाळूत काठीने नद्या काढून दाखवल्या होत्या आणि त्याला ते लख्ख आठवत होतं. ढिवराचं पोर पाण्याबद्दल खोटं बोलत नाही. "नाई येत बाबा. तिथलं पाणी गंगेले जाते. आपली प्राणहिता गोदावरीले जाते. वाटा वेगळ्या."

"मंग हाक कोणत्या पाण्यात मारायची?" चैतू म्हणाला.

सोमारीने ते मनाला लावून घेतलं. ती रोज नदीवर जाऊन बसू लागली आणि पोराच्या नावाने हाका मारू लागली. खाणं तुटलं. बोटांच्या काड्या झाल्या. दिवाळी झाली, धान कापून आलं, तरी म्हातारी काठावरच. शेवटी चैतूच म्हणाला, "गंगा समुद्रात जाते का नाई? गोदावरीबी जाते. मंग कुठी तरी भेटतच असन दोघींचं पाणी. बलावून पाहू."

मार्गशीर्षातल्या एका दुपारी सगळे प्राणहितेत उतरले. चैतूने पाण्यावर तांदूळ टाकले, मोहाच्या दारूची धार धरली. सोमारी आणि सुकरीने फडकं धरलं. हाका सुरू झाल्या. "पत्रू, घरी चाल रे! पत्रू, चाल!" फडकं उचललं की नुसतं पाणी गळे. पुन्हा धरलं, पुन्हा गळालं. एरवी या उथळ्यात पोरांच्या पंच्यातही मासोळी येते. त्या दिवशी गावाच्या आवाजाने असेल, की थंडीने असेल, पाण्यात काही म्हणून हललं नाही.

ऊन कलायला लागलं. सोमारी कमरेएवढ्या पाण्यात थरथरत होती, तिचे ओठ निळे पडले होते. बिरजूने तिचा दंड धरला तर तिने त्याला झटकून टाकलं. "माह्या पोराले घेतल्याशिवाय मी निघत नाई," ती म्हणाली, आणि ती निघणार नाही हे सगळ्यांना कळलं.

मुखरू गोंड नव्हता. या कामात त्याला हात लावता येत नव्हता, म्हणून तो बाजूला, म्हातारी कलंडलीच तर धरता यावी एवढ्या अंतरावर उभा होता. ते निळे ओठ त्याने पाहिले होते, दुसऱ्या एका माणसाचे, बर्फातून काढलेल्या त्या पहाड्याचे. तो खाली वाकला. पायाशी एक मोठा धोंडा होता, आणि थंडीत मासोळ्या कुठे दडतात हे ढिवराला शिकवावं लागत नाही. त्याने धोंड्याखाली हात घातला, मूठ मिटली आणि म्हातारीला आधार दिल्यासारखं करून ती मूठ पाण्याखालून फडक्यात उघडली.

फडकं उचललं तेव्हा त्यात बोटाएवढी मासोळी तडफडत होती.

"आला!" सोमारी ओरडली. "आला माहा!" तिने ती मासोळी ओंजळीत घेऊन छातीशी धरली. बायांनी गळा काढला, ढोल वाजला. सुकरी फडक्याचं टोक तसंच धरून उभी होती. ती मासोळीकडे पाहत नव्हती. ती मुखरूच्या कोपरापर्यंत भिजलेल्या सदऱ्याकडे पाहत होती.

परत येताना ती मुद्दाम मागे राहिली. "तू टाकली," ती म्हणाली.

"हो बाई."

"बुढीले सांगू नको."

"नाई सांगत."

थोडं चालून ती म्हणाली, "तो तिथीच आहे. मले ठाऊक आहे."

सोमारी त्या रात्री पोटभर जेवली. नंतरचे काही महिने ती माणसांत आली, हसलीसुद्धा. पत्रू घरात होता, पेनांत मिळाला होता, आणखी काय पाहिजे होतं तिला?

पण पत्रू घरी आला म्हणजे सुकरी दुसरं घर करायला मोकळी झाली. मुखरूच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. होळीच्या सुमारास सगे बसले आणि ठरवलं, घरची सून घरातच राहावी, बिरजूने तिला करावी. रीतच तशी होती, बिरजूही भला पोरगा होता. चैतूने सुकरीला विचारलं, "काही म्हणणं आहे का?" सुकरीने सोमारीकडे पाहिलं. म्हातारी तोंडभर हसून तिच्याकडे पाहत होती. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. ज्याला गाडग्यात घालून घरात आणलं तो पत्रू नाहीच, हे त्या तोंडावर सांगावं लागलं असतं.

"नाई," सुकरी म्हणाली. "काही म्हणणं नाई."

मुखरू अंगणाच्या कुडापाशी बसला होता. ते शब्द ऐकून तो उठला आणि तडक नदीवर गेला. पण तिथे जाऊन करणार काय? थोडा वेळ बसून तो परत आला.

सोमारी पावसाळ्याच्या तोंडाशी गेली, सुखाने, झोपेतच. तोवर सुकरीला दिवस गेले होते.

त्यानंतर अहेरीच्या बाजारात एकदा दोघांची गाठ पडली. सुकरीने चारोळी विकून मिठाची पुडी बांधून घेतली होती. मुखरूला पाहून ती थांबली.

"बुढी आता नाई," मुखरू म्हणाला. "तुले सांगायचं असन तं सांग. मी कबूल होतो पंचांपुढे."

"आता सांगून काय होते? बिरजूनं काय वाकडं केलं?" तिने टोपली डोक्यावर घेतली. मग जरा घुटमळून विचारलं, "आता कुठवर आला असन तो, बर्फासंगं?"

मुखरूने बाजाराच्या टोकाच्या चिंचेकडे बोट दाखवलं. "ह्या दुकानापासून त्या झाडापर्यंत. जास्त नाई."

सुकरीने त्या झाडाकडे पाहिलं. मग बिरजूने तिला हाक मारली, आणि ती गर्दीतून त्याच्याकडे निघून गेली.