मगावरचा डावीकडचा पोरगा

मी चहाचा मग बोलतोय. साधा, पांढरा, चिनी मातीचा. भट्टीतून निघालो आणि भावंडांबरोबर खोक्यात बसून एका भेटवस्तूंच्या दुकानात आलो. तिथे आम्ही कोरेच उभे असतो. कुणाचं लग्न, कुणाचं बाळ, कुणाचा कुत्रा अंगावर येईल ते आपलं नशीब.

माझ्यासाठी एक बाई फोटो घेऊन आल्या. त्यांच्या बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, आणि हा फोटो त्यांना बाबांच्या पेटीच्या तळाशी सापडला होता. बाबा तरुणपणी पाणबुडीवर होते. पाणबुडी बुडालीच तर तिच्यातून बाहेर कसं पडायचं, हे त्यांना पाण्याने भरलेल्या एका उंच टाकीत शिकवत. तळाच्या कोठडीत शिरायचं, तिच्यात पाणी भरू द्यायचं, झडप उघडली की पाण्यातून वर यायचं. फोटोत दोन पोरं नुकतीच वर येऊन टाकीच्या काठावर बसली होती. छातीवर हवेची पिशवी, गळ्यात नाकाचा चिमटा, केस कपाळाला चिकटलेले. उजवीकडचा हसत होता. डावीकडच्याने त्याचा दंड घट्ट धरला होता.

"हे उजवीकडचे बाबा," बाई म्हणाल्या.

"दुसऱ्याला कापून टाकू? बाबा मोठे दिसतील," दुकानदार म्हणाला.

"नको, राहू दे. मित्र असेल त्यांचा."

त्याने छापील कागद माझ्या पोटाला गुंडाळला आणि मला तापलेल्या साच्यात दाबलं. बाहेर आलो तो दोघांना अंगावर घेऊनच.

वाढदिवशी बाबांनी खोकं उघडलं. बराच वेळ बघत राहिले. "छान आहे गं," एवढंच म्हणाले. आई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या, मला पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. लेकीला वाटलं, आई कामात आहे.

लेक आपल्या घरी गेली तसं बाबांनी मला कपाटात, ताटांच्या मागे सरकवलं. सकाळी आईंनी मला बाहेर काढलं आणि चहा ओतून टेबलावर ठेवलं.

"लपवून काय होणार आहे?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे त्याचा फोटो होता, आणि मला इतकी वर्षं बोलला नाहीत."

"तू घरातले सगळे जाळलेस. एवढा एक राहू द्यावासा वाटला."

तेव्हा मला कळलं. डावीकडचा पोरगा आईंचा पाठचा भाऊ होता. घरात त्याला बारक्या म्हणत. भाऊजींच्या, म्हणजे बाबांच्या, मागोमाग तोही पाणबुडीवर भरती झाला होता.

"टाकीत घाबरला होता का तो?" आईंनी विचारलं. हे विचारायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं होतं.

बाबांनी चष्मा काढून ठेवला. "घाबरला होता. भाऊजी, मला नाही जमायचं, मला घरी पाठवा, म्हणाला. मी म्हटलं, मी वर थांबतो, तू नुसता श्वास सोडत ये. आला बिचारा. मग मीच साहेबांना सांगितलं, पोरगा पक्का आहे, आमच्याच पाणबुडीवर द्या."

"आणि ती पाणबुडी निघाली तेव्हा तुम्ही इथे होतात."

"तुझं बाळंतपण होतं."

"रजा घ्या म्हणून मीच हट्ट धरला होता." आईंचा आवाज अगदी खाली गेला. "पोर झाली आणि पाठोपाठ तार आली. पाणबुडी इतकी खोल गेली होती म्हणे, की ते शिकलेलं काही कुणाच्या कामी आलं नाही. मी पोरीला उराशी धरून त्याच्यासाठी रडत होते. आणि आतून मला बरं वाटत होतं. तुम्ही वाचलात म्हणून. हे मी कुणाला सांगायचं होतं?"

माझ्यातला चहा गार झाला. तो कुणीच प्यायलं नाही.

पुढच्या रविवारी लेक आली. मी आईंच्या हातात होतो.

"अगं, हा बाबांसाठी आणला होता," ती हसली. "बरं, हा शेजारचा कोण गं? बाबांना विचारलं की ते विषयच बदलतात."

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पान काही उलटलं नाही.

"असेल कुणीतरी. त्यांच्या बरोबरचा," आई म्हणाल्या.

"बघ ना नीट. माझ्या पोरासारखा, आपल्या पिल्लूसारखा दिसतो. तेच कपाळ, तीच हनुवटी."

"त्या वयात सगळी पोरं सारखीच दिसतात," असं म्हणून आई मला धुवायला उठल्या. नळ सोडला आणि कितीतरी वेळ बंद केला नाही.

आता मी रोज दुपारी त्यांच्याच हातात असतो. त्या मला घासणीने घासत नाहीत, बोटांनी हळूच धुतात. पण चहा पिताना त्यांचा अंगठा नेमका डावीकडच्या चेहऱ्यावर येतो आणि तिथेच फिरत राहतो. माझ्यावरची छपाई काही फार टिकाऊ नाही. त्याचे डोळे गेले. ओठ जायला लागलेत.

"अगं, पुसला जाईल तो," बाबा म्हणतात.

"माहीत आहे मला," आई म्हणतात. अंगठा हलत नाही.

मी फुटलो तर फुटलो, मगांचं तेच होतं. माझी विनवणी वेगळीच आहे. लेकीने अजून एकदा विचारावं. आई खरं सांगतील असं नाही, बहुतेक नाहीच सांगणार. पण विचारायचं तर लवकर विचार गं बाई. थोड्या दिवसांनी माझ्यावर तुझे बाबा एकटेच हसत बसलेले दिसतील, आणि त्यांच्या दंडाला धरलेला नुसता एक हात.