तोटीत अडकलेलं धान

मी बंब बोलतोय. तांब्याचा, केशोरीच्या सुशीलाबाईंच्या परसातला. माझ्या पोटावर तळहाताएवढं ठिगळ आहे. येणारा-जाणारा आधी ते पाहतो, मग मला. मला लाज वाटते, पण ती ठिगळाची नाही. कशाची, ते आज सांगून टाकतो. गोड करून सांगणं मला जमत नाही, हेही आधीच सांगतो.

मी भंडाऱ्याला घडलो. कसारानं पत्रा ठोकून गोल केला, सांधे झाळून बंद केले, मधे विस्तवाचं नळकांडं बसवलं, खाली जाळी, बाजूला पितळेची तोटी. ते साल बावन्न. तिरोड्याकडचे बकाराम मला घ्यायला आले. बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्यांनी मला थाप मारली आणि विचारलं, "झाळ पक्की हाय ना? पोरीच्या लग्नात द्याचा हाय. तिकडं जाऊन गळला तर बोलणी माह्या पोरीले खा लागतीन."

कसार म्हणाला, "आत पाणी आहे तोवर मी जबाबदार. कोरडा जाळला तर मग मला विचारायचं नाही."

बकारामनं माझ्या पोटावर नाव घालून घेतलं. टिंबाटिंबानं कोरलेलं, 'चि. सौ. रुख्मा हिस बकारामकडून.' एकेक टिंब टोचलं तेव्हा दुखलं, पण बरंही वाटलं. भांडं पुष्कळांकडे असतं. नाव असलेलं भांडं कुणाचं तरी असतं.

गोंदियाहून छोट्या गाडीनं अर्जुनीपर्यंत आणि पुढं बैलबंडीत, असा मी नवरीसोबत केशोरीत आलो. गावात बंब दोन-तीनच. बाकी घरी तीन दगडांवर पाण्याचा गुंड ठेवून तापवायचे. बाया मला पाहायला आल्या. शेजारची शामकला म्हणाली, "सुशीलाबाई, तुमची तर मजाच झाली वो! तोटी फिरवली का ऊन पाणी!"

सुशीलाबाई म्हणजे रुख्माची सासू. नवरा लवकर गेला. एकटीनं धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, राखली, लेकीचं लग्न केलं, श्यामलालला, रुख्माच्या नवऱ्याला, मोठं केलं. जीभ धारेची. पण माझ्यावर तिचा जीव. दर सणाला चिंच नि राख घेऊन बसायची आणि मला असा घासायची की तिचं तोंड माझ्यात दिसायचं. पाणी भरायची रुख्मा, ढलप्या फोडायची रुख्मा, राख काढायची रुख्मा. पण चमकवायची सुशीलाबाई, आणि मी मूर्ख चमकवणाऱ्या हाताचा झालो. माझी पहिली चूक हीच.

मग सत्तावनची दिवाळी आली. बकाराम जाऊन दोन वर्षं झाली होती. नवं धान घरात येत होतं. लेक-जावई येणार म्हणून सुशीलाबाईला नव्या धानाचे पोहे करायचे होते. पोह्याचं धान ऊन पाण्यात भिजवावं लागतं. मोठा हंडा शामकलाकडं गेलेला. त्या दिवशी रुख्मानं पहाटे दोन गुंड पाणी ओतून मला पेटवलं, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, कमी झालेलं पाणी तिनं परत भरलं आणि नवऱ्यासोबत धान कापायला गेली.

घरात सुशीलाबाई एकटी. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "ऊन पाणी तर आयतंच हाय."

अर्धं पाणी बादलीत काढलं. वरच्या तोंडातून माझ्या पोटात धान ओतलं. नळकांड्यात ढलप्या भरल्या. आणि पोहे कांडायची ढेकी मोकळी आहे का विचारायला शामकलाकडं गेली.

धान म्हणजे काय, ते पाणी पितं. माझ्या पोटात ते फुगलं, सगळं पाणी प्यायलं आणि बुडाला चिकटून करपायला लागलं. खालची झाळ वितळली तेव्हा मला कळलं की कसार काय म्हणाला होता. माझ्यात ओरडायची सोय नाही. वास मात्र गेला. सुशीलाबाई पळत आली, विस्तव ओढला, करपलेलं धान हातानं खरवडून काढलं, बोटं भाजून घेतली. ते उकिरड्यावर नेऊन वर तणसाचा पेंढा टाकला. मग माझ्यात पाणी ओतलं. पाणी बुडातून सरळ जमिनीवर गेलं.

तिनं चारी बाजूंना पाहिलं. कुणी नव्हतं. मी होतो, पण मला कोण मोजतो!

दिवस बुडता रुख्मा आणि श्यामलाल परतले. सुशीलाबाई दारातच.

"काऊन वो महाराणी, बंबात पाणी कोण टाकन? आंघोळी झाल्यावर कोरडाच जळता ठेवून गेली ना? दिवसभर जळला! बुड गेलं त्याचं!"

"पाणी भरून गेली होती, आत्याबाई."

"मंग मी खोटं बोलून रायली का?"

रुख्मानं श्यामलालकडं पाहिलं. श्यामलाल विळ्याची धार पाहत बसला. धार सकाळीच काढलेली होती.

"भाऊबीजेले माहेरी जाशीन," सुशीलाबाई म्हणाली, "तर नवा बंब घेऊनच ये. नाही तर तिकडंच राय."

"बाप मेला माहा. कोण देईन नवा? मी जातच नाही. हाच झाळून घ्या."

आणि ती खरंच गेली नाही. भाऊ न्यायला आला, त्याला ओवाळून रिकामा परत पाठवला. तीन आठवडे ती तीन दगडांवर पाणी तापवत राहिली. धुरानं डोळे लाल. सुशीलाबाई तिला 'बंबजाळी' म्हणायला लागली आणि शेजारणी हसायला लागल्या. मी कोपऱ्यात पालथा पडलो होतो. करपलेल्या धानाचे चार दाणे माझ्या तोटीत अडकले होते. खरं काय ते माझ्या घशात होतं आणि मी तसाच पडून होतो. ही लाज मी म्हणतोय ती.

बाजाराच्या दिवशी रुख्मानं कवडू कसाराला हाताला धरल्यासारखं घरी आणलं. कवडूनं मला आडवं केलं, बुडावर बोट फिरवलं.

"किती वेळ कोरडा जळला?"

"दिवसभर!" सुशीलाबाई आतून म्हणाली. "सकाळी पेटवला, दिवस बुडता आली."

"मंग कायले झाळू?" कवडूनं हात झटकले. "दिवसभर जळलेलं तांबं पापड होते, बाई. आज इथं ठिगळ लावन, उद्या बाजूला फाटन. मोडीत टाका, श्यामलालभाऊ. मोड लावून नवा देतो."

"टाक मोडीत," श्यामलाल म्हणाला. त्याला एकदाचं मिटवायचं होतं.

रुख्मानं माझ्या पोटावर, बरोबर त्या अक्षरांवर हात ठेवला. "अन् नाव?"

"नाव भट्टीत जाते, बाई."

पितळ वेगळं तोलायचं असतं म्हणून त्यानं तोटी काढली आणि दगडावर आपटली. काळे, फुगलेले चार दाणे बाहेर पडले. कोंबडी धावत आली, वास घेऊन परत गेली.

कवडू हसला. "श्यामलालभाऊ, तुमच्या घरी बंबात आंघोळीचं पाणी तापवून रायले का धान उकडून उसना तांदूळ करून रायले?"

बाकी कुणी हसलं नाही. श्यामलालनं एक दाणा उचलला, नखानं टरफल सोलून पाहिलं. धानाच्या घरचा माणूस. त्याला एवढं पुरे होतं. त्यानं मान वर केली नाही.

रुख्मानंही सासूकडं पाहिलं नाही. कसारालाच विचारलं, "भाऊ, घडीभरच जळला असन, तर वाचते का?"

"घडीभर असन तर वाचते. पण ते मले कोण सांगन? तुम्ही तर दिवसभर म्हणता."

आता बघा. रुख्माला ते सांगता येत नव्हतं, कारण ती बांधीत होती. श्यामलालला येत नव्हतं. मला ठाऊक होतं, पण माझं तोंड म्हणजे तोटी आणि तीही काढलेली. साऱ्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं मी किती जळलो. ती गप्प राहिली असती तर मी भट्टीत गेलो असतो, बकारामचं नाव गेलं असतं आणि रुख्मा जन्मभर बंबजाळी राहिली असती. कवडूनं बांधायला दोर काढला.

सुशीलाबाई बाहेर आली. पदर तोंडावर नव्हता, कमरेला खोचलेला होता. भाजलेल्या बोटांची कातडी अजून सोललेली.

"घडीभरच," ती म्हणाली.

"काय?"

"घडीभरच जळला. शामकलाकडं ढेकी सांगाले गेली होती, एक पान खाल्लं, तेवढाच वेळ. मीनं टाकलं धान. रुख्मानं पाणी भरलं होतं." मग एकदम कवडूवर ओरडली, "आता झाळ ना! तोंड काय पाहून रायला माहं?"

कवडूनं झाळलं. ठिगळ बुडापासून पोटावर आलं, पण नावाच्या खालीच थांबलं, एकही टिंब गेलं नाही.

सुशीलाबाईनं सुनेची माफी मागितली का? नाही. तेवढी ती वाकणारी नव्हे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिनंच दोन गुंड पाणी आणून ओतलं, मला पेटवलं आणि पहिली बादली भरून हाक मारली, "रुख्मा, ऊठ. पाणी तापलं." रुख्मानं आंघोळ केली. न्हाणीतून रडण्याचा आवाज आला.

आता साठ साल चालू आहे. मी गळत नाही, थंडीत ठिगळाच्या कडेला थोडा घाम येतो इतकंच. परवा शामकलाची नवी सून विस्तव मागायला आली, मला पाहून म्हणाली, "मोठी आई, हे काऊन जळलं वो? बंबजाळी म्हणतेत ते तुमच्याच घरची का?"

रुख्मा राख काढत होती.

सुशीलाबाई मला घासत होती. "ते मीच," ती म्हणाली. "सांग जाऊन साऱ्या गावाले." आणि ठिगळावर जोरानं चिंच चोळली.

साऱ्या गावासमोर हे म्हणायला तिला तीन वर्षं लागली. मला रुख्माजवळ अजून जमलेलं नाही, म्हणून हे तुमच्याजवळ बोललो. तुमच्या घरी काही गळायला लागलं तर मोडीत टाका की झाळून घ्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याआधी विचारा की ते किती वेळ जळलं आणि तेव्हा घरात कोण होतं. विचारताना सुनेकडं पाहू नका. आणि मला पेटवण्याआधी झाकण उचलून आत पाणी आहे का ते बघा, बाई. मला ओरडता येत नाही.