निम्मं उघडलंय

राजमती नर्सनं नाथाजी हवालदाराच्या अंगणात पाऊल टाकलं, तोच समोरून आलेल्या म्हशीनं तिला असा धक्का दिला, की पिशवी एकीकडं आणि बाई शेणकुटांच्या ढिगावर.

"आवं, म्हस बांधा की आदी!" ती पडल्यापडल्या ओरडली.

"न्हाई बांधता येत," हवालदार जागचा न हलता म्हणाला.

"का? दावं न्हाई व्हय घरात?"

"दावी लय हायती. पर सूनबाई अडलीया. ती मोकळी हुईस्तवर काय बी बांधायचं न्हाई. ऑर्डर हाय."

ऑर्डर त्याच्या बायकोची, चंद्राबाईची होती. पण पलटणीत जन्म काढलेल्या माणसाला ऑर्डर कुणाची हे विचारायची सवय नसते. त्या गावची रीतच तशी. घरात बाई अडली की बांधलेलं सोडायचं आणि झाकलेलं उघडायचं, म्हणजे बाईही सुटते. गाव कवठे महांकाळकडचं, माळरानाचं. दुष्काळ हटून दोन सालं झाली होती, आणि त्यातनं वाचलेली चार जनावरं लोक जिवापाड जपत. तीसुद्धा चंद्राबाईनं दिवस उगवायच्या आत सोडून दिली होती. डाळीच्या डब्यांची झाकणं काढलेली, त्यात कोंबड्या तोंड घालत होत्या. खुद्द हवालदार फेटा सोडून, सदऱ्याची बटणं उघडी टाकून, विजारीची सुटलेली नाडी मुठीत धरून उभा होता. न हलण्याचं कारण तेच होतं.

राजमतीनं पदर झटकला. "हवालदारमामा, गाडी तेवढी जुपून ठिवा. वेळ आली तर कवठ्याच्या दवाखान्यात न्यायला लागंल."

"बैलं सोडली. माळाकडं गेली. आनि धरून आनली तरी जुवाला बांधायची कशी?"

"म्हंजे बाई अडली तर गाडी न्हाई?"

"अडू ने म्हनूनच तर सोडली की!"

राजमतीनं माळाकडं नजर टाकली. ती सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची लेक. बैलाचं तिला कळत होतं, आणि माळावर उधळलेली जोडी धरायला अर्धा दिवस जातो हेही कळत होतं. हवालदाराच्या सुनेला, मनूला, न्यायचं असेल तर माणसं आत्ताच पळायला हवी होती. आणि न्यायचं की नाही, ते मनूला तपासल्याशिवाय ठरत नव्हतं.

आत मनू घोंगड्यावर पडली होती. पहाटेपासून कळा होत्या, पाणी गेलेलं होतं. राजमतीनं पोटावरनं हात फिरवला, नळी लावून बाळाचे ठोके ऐकले. ठोके चांगले होते.

"मनू, आतनं एकदा बघायला लागंल. पिशवीचं तोंड किती उघडलंय, डोस्कं कुठवर आलंय..."

"हात लावू नगा!" मनू भिंतीला जाऊन चिकटली. "मेली तर मेली, पर हात न्हाई!"

पहिल्या खेपेला, माहेरी असताना, तिला एका दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या बाईनं चकार शब्द न बोलता ऐन कळेत हात घातला होता. बांगडी लागली, मनू किंचाळली, तशी बाईनं तिच्या मांडीवर चापट मारली आणि म्हणाली, "तवा न्हाई व्हय बोंबललीस?" पोरगा धडधाकट झाला, आता अंगणात हुंदडत होता. पण बाळंतपणाच्या कळा विसरलेली मनू तो हात विसरली नव्हती. कशी विसरेल?

"बाळंतपनात कसली आलीया लाज!" चंद्राबाई पुढं झाली. "मी पाय धरते, तुमी घाला हात." आणि तिनं खरंच पाय धरले.

"मावशी, सोडा. आज ह्या घरात काय बी बांधून ठिवायचं न्हाई न्हवं? मग सुनंचं पायच तेवढं कशाला?"

चंद्राबाईनं चटका बसल्यासारखे हात मागं घेतले. रीत तिचीच होती.

राजमती मनूजवळ टेकली. कापलेली नखं दाखवली. उजव्या हातात बांगडी नव्हती, तेही दाखवलं. "हे बघ, कळ चालू आसताना मी हात लावनार न्हाई. काय करनार ते आदी सांगनार. आनि तू थांब म्हनलीस की थांबनार."

"आनि न्हाई थांबला तर?"

"तर लाथ मार."

मनूला लाथेची बोली पटली. राजमतीनं तिला आधी परसाकडच्या न्हाणीत लघवीला नेऊन आणलं, मग चुलीवर उकळलेले रबरी हातमोजे निववून घातले, लुगड्याचा आडोसा केला. एक कळ आली, मनूला पिळून गेली.

"आता मांडीला हात लावते हं. गार लागंल."

"थांबा!"

राजमतीनं हात उचलला. मनूनं डोकं वर करून खात्री केली. पुढची कळ येऊन गेली. पुन्हा बोट लागतंय न लागतंय तोच, "थांबा!" पुन्हा हात वर.

"आशानं सांज हुईल," चंद्राबाई फिसकन हसली. "नर्स हाय का खेळनं?"

तिसऱ्यांदा मनूला काही झालंच नव्हतं. तिनं नुसतं बघायचं म्हणून थांबा म्हटलं, आणि राजमती थांबली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मनूच्या शब्दावर कुणी थांबलं नव्हतं. गोठ्यातला बैलसुद्धा तिच्या हाकेला उभा राहत नसे, मग माणसांचं काय घेऊन बसलात! राजमतीला आतून घाई होती, थोडा रागही येत होता, पण तिनं तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"बघा आता," मनू म्हणाली, आणि तिचे गुडघे आपोआप सैल पडले.

दोन बोटं, सावकाश. "श्वास सोड. दुखतंय? आता जरा मागं दाबते. झालं बघ."

"झालं?"

"झालं. डोस्कं खाली हाय, ब्येस बसलंय. पिशवीचं तोंड निम्मं उघडलंय. गाडी नगं, बैल नगं. हितंच हुशील मोकळी."

न दुखल्याचं मनूला रडू आलं.

चंद्राबाई मात्र दारात जाऊन गरजली, "आवंऽ, निम्मंच उघडलंय आजून!"

हवालदारानं डोकं चालवलं, आणि तिथंच घोटाळा झाला. घर सगळं उघडलं, तर निम्मं झालं. मग राहिलेलं निम्मं गावात अडकलंय, हे उघडच होतं. त्यानं शेजारच्या गुंड्याला आणि आकारामाला हाक मारली. "गाव खुला करा. घर टू घर. एक गाठ ऱ्हाता कामा नये!"

कुणी नाही म्हटलं नाही. आज त्याची सून, उद्या आपली. पिठाच्या गिरणीचा पट्टा उतरवला. हरिबा शिंप्यानं सुईतला दोरा काढला आणि निम्मी शिवलेली चोळी उसवली. देवळाच्या कुलपाची किल्ली गावेना, तशी दार बिजागरीसकट काढून पारावर ठेवलं. तालमीतल्या पोरांना लंगोट सोडायला लावून, घोंगडी पांघरून एका ओळीत बसवलं. गुंड्याचा मारका खोंड सुटला तो थेट अंबूबाईच्या तुरीत शिरला, आणि अंबूबाई मोकळ्या केसांनी काठी घेऊन त्याच्यामागं धावली. तिला बघून खोंडच भ्यायला. हळूहळू सगळा पुरुषवर्ग नाड्या नि धोतरं मुठीत धरून हवालदाराच्या अंगणात जमला.

"रिपोर्ट काय?" बाहेरून आवाज आला. "वाढलं का?"

"सांगा की वो," चंद्राबाई राजमतीला म्हणाली. "एकदा बघा जरासं. गाव ताटकळलंय."

"सारखं बघायचं नसतंय, मावशी. पानी गेलंय. जितक्यांदा हात, तितकी बाधा. लागंल तवाच बघीन."

"मग सरा, मीच बघते! आमी काय बाळंतपनं केली न्हाईत?" चंद्राबाईनं बाह्या सावरल्या.

"आत्ती, थांबा."

मनू बोलली होती. चंद्राबाईला आधी कळलंच नाही. "काय म्हनलीस?"

"थांबा म्हनलं. ह्यांनी इचारून हात लावला. तुमी बी इचारा."

चंद्राबाईनं तोंड उघडलं. त्या तोंडातनं काय काय बाहेर पडू शकतं, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण तिनं बाह्या खाली ओढल्या. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि राजमतीच्या हातांकडं बघत राहिली.

ऊन कलता कलता मनूला दाब आला आणि पोरगी झाली. काळीसावळी, भरल्या अंगाची, गळा असा की म्हशीनं मान वळवून पाहिलं.

"बांधाऽ!" हवालदारानं ऑर्डर सोडली, आणि सगळं गाव एकदम जनावरांमागं सुटलं. धोतर धरावं तर खोंड निसटे, खोंड धरावा तर धोतर. माळावर असा गोंधळ माजला, की हसता हसता गल्लीतल्या बायांच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

आत बाळामागची वारही पडली होती, मनू लेकीला छातीशी घेऊन पडली होती. राजमती पिशवी भरायला लागली, तशी चंद्राबाई उठली आणि तिनं दाराला आतून कडी घातली.

"पोरी," ती म्हणाली. सकाळपासून ती राजमतीला बाई नि तुमी म्हणत होती. "माजं अंग येतंय बाहीर, पिशवीच खाली उतरलीया. धाकट्या लेकीच्या बाळंतपनापास्नं. चिंध्यांचा लंगोट बांधून हिंडते. बसाया येत न्हाई, घागर उचलाया येत न्हाई."

राजमतीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "इतकी सालं? मावशी, सांगितलं का न्हाई कुनाला?"

"इचारलं कुनी?" चंद्राबाई म्हणाली. "माजं बी बघशील? पर थांब म्हनलं की थांबायचं."

राजमतीनं मोजे पुन्हा उकळले, कोपरापर्यंत हात धुऊन ते ओलेच चढवले. चंद्राबाई सुनेच्या शेजारी घोंगड्यावर आडवी झाली. पदर डोळ्यांवर ओढला. मनूनं लेकीला एका हाताशी घेतलं आणि दुसऱ्या हातानं सासूचा हात धरला.

"आता मांडीला हात लावते, मावशी."

"थांब!"

राजमती थांबली. चंद्राबाईनं पदराची कड उचलून एका डोळ्यानं पाहिलं.

"थांबलीस?"

"थांबले."

"बरं," चंद्राबाई म्हणाली आणि पदर पुन्हा ओढला. "आजून जरा थांब."

ती तशीच पडून राहिली, आणि राजमती ओले हात वर धरून तिच्यापाशी बसून राहिली.