दिली म्हणू नका

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच पोचते, आणि ही गोष्ट अर्धी ऐकली तर एका भल्या बाईवर उगाच राग धराल. कप जिंकणाऱ्यांना भीती नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर अगदी पुढे यावं. सांगण्यासारखं आहे ते त्यांनाच.

एक होती गोल्फची चॅम्पियन. चेंडू असा लांब मारायची की शोधायला घारीची नजर लागावी. घरात तिला चॅम्पियन म्हणणारा एकटा नवरा, तोही चिडवताना. "चॅम्पियन, तुमचे मोजे पलंगाखाली सापडले." हाच नवरा तिची बॅग खांद्यावर घेऊन मैदानभर हिंडायचा, वारा बघायचा, काठी निवडून हातात द्यायचा. "लग्नात म्हणालो होतो तुझं ओझं उचलीन, पण ते इतकं जड असेल हे कुणी सांगितलं नाही," असं म्हणून हसायचा. त्यांची लेक बबडी अजून धड बसायलाही शिकली नव्हती. तिला सांभाळायला सासूबाई बरोबर असत. आज एक गाव, पुढच्या आठवड्यात दुसरं. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, दाराशी उभ्या बॅगा आणि बबडीला न्हाऊ घालायचा फुगवायचा निळा टब. जातील तिथे तो बरोबर.

त्या टबातच घात झाला.

एका सकाळी चॅम्पियन लेकीला अंघोळ घालत होती. अंगभर साबण, पोरगी माशासारखी बुळबुळीत. आईने टॉवेलकडे एक हात केला आणि दुसऱ्या हातातून लेक निसटली. तोंड पाण्याखाली गेलं. डोळे मात्र उघडे होते, आणि ते पाण्यातून आईकडेच बघत होते. आईने झडप घालून तिला वर काढलं. बबडी खोकली, तिने क्षणभर रागाने पाहिलं आणि मग असा काही सूर लावला की भिंती हादरल्या.

बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही आई, डोळ्यांत साबण गेला."

झालं. एवढंच खोटं. पण माणसाने भीतीला असं एकदा लपवलं की ती घरचीच होते. आधी दारात उभी राहते, मग बसायला खुर्ची मागते, मग हळूच किल्ल्या कमरेला खोचते. चॅम्पियनचे हात थरथरू लागले. लांबच्या फटक्याला नाही हं! तिथे सगळं अंग कामाला लागतं, भीतीला शिरायला जागा नसते. चेंडू होलपासून, म्हणजे तो पडायचा त्या खळग्यापासून, वीतभर राहिला, आता नुसता हळुवार ढकलायचा, पोरंही ढकलतील असा, की मनगटं भरल्या पेल्यासारखी हिंदकळायची. तिला होल दिसायचंच नाही. पाणी दिसायचं.

घरीही तेच. आधी तिने अंघोळ सोडली, मग जिन्यावरून बबडीला नेणं सोडलं, मग उचलणंच सोडलं. लेक हात पसरून झेपावली की हिचे हात जाकिटाच्या खिशात जायचे. सासूबाई म्हणायच्या, "दे इकडे, मी घेते." घ्यायच्या खऱ्या, पण जीभ काही खिशात राहत नसे. "कप उचलायला हात आहेत बाईला, पोर उचलायला नाहीत." सून खाली मान घालून बूट पुसत बसायची. गर्विष्ठ म्हणवून घेणं तिला परवडत होतं. खरं सांगितलं तर लेक कायमची काढून घेतील, ही भीती त्याहून मोठी होती.

आता या खेळातली एक रीत सांगते, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. दोघांचाच सामना असला आणि एकाचा चेंडू होलच्या अगदी तोंडाशी आला, तर समोरचा म्हणतो, "दिली." म्हणजे ती खेळी तुला बक्षीस. ढकलायची गरज नाही, चेंडू उचल आणि चल. मोठ्या मनाची रीत आहे. पण औषधही जास्त झालं की विष होतंच ना?

नवऱ्याने तिची मनगटं पाहिली होती. का थरथरतात ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारलं तर आणखी थरथरतील म्हणून तो विचारत नसे. सरावाला चेंडू होलजवळ आला रे आला की हा प्रेमाने म्हणे, "दिली, दिली! उचल!" मैदानात नवरा "दिली" म्हणे, घरी सासू "दे इकडे" म्हणे. दोघांच्या मायेत तिचे हात पार गंजून गेले.

आणि अशा हातांनी ती अंतिम सामन्याला उभी राहिली.

समोर थोरली. तीन पोरांची आई, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, तोंडाने फटकळ. सगळे खेळाडू तिला थोरलीच म्हणत. शेवटच्या होलपर्यंत दोघी बरोबरीत होत्या. थोरलीने आपला चेंडू होलात घातला. चॅम्पियनचा वीतभर अलीकडे थांबला. घातला तर खेळ पुढे चालू, चुकला तर कप गेला. तिने सवयीने थोरलीकडे पाहिलं. नवऱ्याने तर वाकून चेंडू उचलायला हातही पुढे केला.

थोरलीने "दिली" म्हटलं नाही. लोक कुजबुजले. थोरली आपली टोपी ठीक करत ढगांकडे बघत राहिली.

चॅम्पियन चेंडूवर वाकली. मैदानावर इतकी शांतता की स्वतःचा श्वास तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. होल काळंभोर, गोल. त्यात पाणी भरलं. पाण्यातून दोन उघडे डोळे. देवा, आता नको, आता नको, असं ती पुटपुटली, आणि मनगट उडालं. चेंडू कडेला लागून निघून गेला.

कपडे बदलायच्या खोलीच्या दारात नवऱ्याने थोरलीला गाठलं. "वीतभर होती हो! शत्रूनेही दिली असती."

"शत्रूने दिली असती, म्हणून तर मी दिली नाही," थोरली म्हणाली. "रोज सकाळी बघते मी, तू दिली-दिली करत वाटत सुटतोस. देवळातला भटजी तीर्थ देताना तरी हात आखडता घेतो. जा, बाहेर उभा राहा. मला हिच्याशी बोलायचंय."

आतल्या बाकावर चॅम्पियन आणि ती, दोघीच उरल्या. थोरली गुडघ्याला बर्फ लावत म्हणाली, "कशाला घाबरतेस? कपाला घाबरणारं मनगट मला माहीत आहे. हे ते नाही."

आणि मग चॅम्पियनने सांगितलं. टब, साबण, डोळे, सगळं. ऐकून थोरली आता देवमाणसासारखं काही बोलेल असं तिला वाटलं.

"माझा मधला पलंगावरून पडला होता," थोरली म्हणाली. "सरळ डोक्यावर. आता वकील झालाय. म्हणजे थोडा परिणाम झालाच म्हणायचा."

चॅम्पियनला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू.

"आज चुकलीस. जगलीस ना?" थोरलीने बर्फ दुसऱ्या गुडघ्यावर सरकवला. "पण पोरीचं मी काही सांगत नाही. तिथे चुकून चालत नाही, हे तुझं खरंच आहे. भीती वाटू दे. ती घेऊनच पोरीला हातात धर. आणि घरी सांग, दिली म्हणू नका."

संध्याकाळी ती खोलीवर आली. कप हरल्याचं सासूबाईंना कळलं होतं, आज त्यांनी जीभ आवरली होती. टबात पाणी काढलेलं, बबडी त्यांच्या खांद्यावर. सून दारातच उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "आई, आज मी घालते. तुम्ही इथेच उभ्या राहा. पण 'दे इकडे' म्हणू नका."

सासूबाईंनी सुनेच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्याच नातीला पाण्यात निसटू देणारे हे हात! आणि ते आत्ताही थरथरत होते, उघड दिसत होते. नवरा पुढे झाला, त्याला त्यांनी नजरेनेच थांबवलं. नात सुनेच्या हातात दिली. मग आपलेच हात ऐकणार नाहीत हे ओळखून त्यांनी ते पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं.

साबण लागला. बबडीने पाय झाडले. एकदा अंग सटकलं, सासूबाईंच्या तोंडून श्वास निघाला, खांदे पुढे झुकले, पण हात मागेच राहिले. चॅम्पियनने टॉवेलकडे पाहिलंसुद्धा नाही. एक तळवा मानेखाली, एक बगलेत, थरथरणारे पण न सोडणारे. लेकीला पाण्यात हलवत ती मोठ्याने देवाचं नाव घेत होती, आणि बबडीला ते गाणं वाटून ती खिदळत होती.

अंघोळ झाली. टॉवेल नवऱ्याने आणून दिला, न मागता. सासूबाईंनी मागचे हात सोडवले तेव्हा मनगटावर त्यांच्याच नखांचे लाल वण उठले होते.

"उद्या पण तूच घाल," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या.

पुढे चॅम्पियनने काही कप जिंकले, काही हरली, त्याचे फोटो कुठेतरी लागलेले असतील. तुम्ही मात्र हात जोडाल तेव्हा एका क्षणापुरती त्या सासूबाईंची आठवण काढा. भीतीने जीव जात असताना ज्यांनी आपले हात पाठीमागे धरून ठेवले, त्यांची.