पैजेवर विचारलेला प्रश्न

“सर, तुम्हाला ऐकू येतं का?”

प्रश्न विचारून झाला तरी ती उभीच राहिली. पैज तशीच होती. वर्गातल्या लांबीनं बजावलं होतं, बसल्या जागेवरून पुटपुटलीस तर धरणार नाही. उभं राहायचं, हात वर करायचा आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारायचं. दुसरी मैत्रीण चष्मिश, तिनं वर तिखटमीठ लावलं होतं, “हिची काय बिशाद. स्पर्धेत पाठ केलेलं बोलणं वेगळं असतं बाई.” झालं. तेवढं पुरे होतं.

सहा महिन्यांपूर्वी याच मुलीला हजेरीला ‘हजर’ म्हणताना घाम फुटायचा. मग वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला काय, आणि नळाची तोटी तुटावी तसं तिचं तोंड सुरू झालं काय. घरी बाबा तिला ‘भोंगा’ म्हणायला लागले. शाळेत ते नाव कसं पोचलं कोण जाणे, पण आता सातवीच्या वर्गात ती भोंगाच होती आणि तिला त्याचा राग येण्याऐवजी अंगावर मूठभर मांस चढायचं.

गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून अपूर्णांकांचा भागाकार लिहीत होते. लिहून वळले, ती उभी दिसली. “हां, बरोबर,” ते म्हणाले, “बस खाली.”

वर्गात हशा फुटला. कुणी बाकावर डोकं टेकून हसत होतं, कुणी तोंडात रुमाल कोंबला होता. सरांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मग खडू ठेवला, हात झटकले आणि दोन रांगांमधून चालत थेट तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

“पुन्हा विचार. माझ्याकडे बघून, सावकाश.”

पाणी प्यायला जाऊ का, असं म्हणून सुटता आलं असतं. तिच्या ओठांवर ते आलंही होतं. पण लांबी बघत होती, चष्मिश बघत होती. तिनं पुन्हा तेच विचारलं. या वेळी आवाज कुठच्या कुठे गेला होता, पण सर तिच्या ओठांकडे बघत होते आणि त्यांना कळलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं.

“डाव्या कानानं नाही येत,” सर म्हणाले. “उजव्यानं थोडं येतं. मागच्या वर्षीपर्यंत या खोलीत तेवढ्यावर भागत होतं. आता नाही भागत.” पुढे ते म्हणाले, “चांगलं केलंस विचारलंस. कुणीतरी सरळ विचारेल म्हणून मी कधीची वाट बघत होतो.”

मग ते फळ्याकडे गेले आणि राहिलेला भागाकार त्यांनी पूर्ण केला. खडूचा आवाज तेवढा येत होता. मधल्या सुट्टीत लांबी म्हणाली, “जिंकलीस.” भोंग्यानं डबा उघडला आणि तसाच बंद केला.

पुढच्या शनिवारी पालक-शिक्षक समितीची बैठक झाली. तिचे आईबाबा दोघंही समितीत होते. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, बाबा घरोघरी टाइल्स बसवायचे. दोन वर्षांपूर्वी ही शाळा पार डबघाईला आली होती. ओल आलेल्या भिंतींचे पोपडे मुलांच्या वह्यांवर पडायचे. तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पालकांना हाक मारली. कुणी दारं दुरुस्त केली, कुणी वायरिंग केलं. सातवीची खोली सगळ्यात वाईट होती, ती बाबांनी घेतली. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते रोज काम उरकून यायचे आणि खाली वाकून, गुडघे दुखेपर्यंत टाइल्स बसवायचे. जमिनीपासून छतापर्यंत चारी भिंती पांढऱ्याशुभ्र. पाहुणे आले की मोठ्या बाई त्यांना आधी त्याच खोलीत नेत.

बैठकीहून आल्यावर बाबा तडक जाऊन खुर्चीत बसले. आईनंच सांगितलं.

“गणिताच्या सरांनी पत्र दिलंय. सत्र संपलं की मला मोकळं करा म्हणतात.”

“का?” तिनं विचारलं. का ते तिला ठाऊक होतं.

“ऐकू येत नाही म्हणे. मुलांचं नुकसान होतंय. पत्रात लिहिलंय, एका विद्यार्थिनीनं धीटपणे विचारलं, तिचा मी आभारी आहे.”

“बावीस वर्षं शिकवतोय माणूस,” बाबा म्हणाले. “आणि लाँड्रीवाला काय म्हणाला माहितीये? म्हणे, बरंच झालं, नवीन माणूस येईल. जसा काही शर्ट बदलायचाय.”

लाँड्रीवाले काका म्हणजे चष्मिशचे वडील. भोंग्याला पैजेचं सगळं सांगून टाकायचं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, “मग काहीच नाही का करता येणार?”

“कानाला कोण काय करणार बाई,” आई म्हणाली. “पण मला एक कळत नाही. कान असे वर्षाच्या आत जात नाहीत एवढे. म्हातारी माणसं येतात ना दुकानात, त्यांचं हळूहळू जातं.”

मागच्या वर्षीपर्यंत या खोलीत भागत होतं. सरांचं ते वाक्य रविवारभर तिच्या डोक्यात घुमत राहिलं. या खोलीत, असं म्हणाले होते ते.

सोमवारी ती शाळा भरायच्या अर्धा तास आधी गेली. सातवीच्या रिकाम्या खोलीत उभी राहून तिनं टाळी वाजवली. टाळीचा आवाज भिंतीवर आपटला, समोरच्या भिंतीवर गेला, परत आला, विरायला वेळ लागला. मग शेजारच्या सहावीच्या खोलीत जाऊन वाजवली. तिथे अजून जुनाच गिलावा होता, लाकडी कपाटं होती, भिंतभर नकाशे होते. तिथे टाळी वाजली आणि संपली.

“काय गं, डास मारतेस का सकाळी सकाळी?” झाडू घेऊन शिपाई मावशी दारात उभ्या होत्या.

“मावशी, सातवीच्या खोलीत आवाज जास्त होतो का?”

“होतो का म्हणजे? तिथे माझी बादली पडली तर घर कोसळल्यासारखं वाटतं. टाइल्स लागल्यापासून तसंच आहे.” मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. “पण दिसायला कशी छान आहे. कुणाला बोलणार? तुझ्या बाबांनी जीव ओतलाय तिच्यात.”

त्या दिवशी संध्याकाळी बाबा ओट्याशी हात धूत होते. नखांतलं सिमेंट निघता निघत नव्हतं. ती मागे उभी राहून म्हणाली, “बाबा, सरांना तो प्रश्न मी विचारला होता.”

बाबा वळले. ती भरभर पुढचं सांगून मोकळी झाली. सर काय म्हणाले, टाळी, सहावीची खोली, मावशींची बादली. सांगताना एक गोष्ट मात्र तिच्या तोंडून निघालीच नाही. प्रश्न का विचारला ते. लांबी, चष्मिश, पैज, यातलं अक्षर तिनं उच्चारलं नाही.

बाबा ओल्या हातांनीच उभे होते. “म्हणजे माझ्या टाइल्समुळे?”

“असं नाही म्हणत मी.”

“तू नाही म्हणत. भिंत म्हणतेय.” ते बराच वेळ टॉवेल शोधत राहिले. टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “आम्ही इतकी मोठी माणसं. एकालाही विचारायचं सुचलं नाही. तू विचारलंस.”

आई आतून आली आणि तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. भोंग्याला तो हात जड वाटला.

पुढच्या शनिवारी समिती सातवीच्या खोलीतच बसली. बाबांनी उठून स्वतःच सांगितलं, चूक माझी आहे. ते सांगताना ते छताकडे बघत होते. लाँड्रीवाले काका म्हणाले, “अहो पण चांगली भिंत फोडायची? त्यापेक्षा सरांना दुसऱ्या वर्गावर द्या.”

“आणि सातवीच्या मुलांचं गणित?” मोठ्या बाई म्हणाल्या, “ते काय भिंत शिकवणार?”

काका खाली बसले. सर शेवटच्या बाकावर बसले होते. काय चाललंय ते त्यांना अर्धंमुर्धंच कळत असावं. मोठ्या बाईंनी कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, “माझ्यावर दया म्हणून भिंत फोडू नका. आधी तपासा. आकडे खोटं बोलत नाहीत.”

तपासायची पद्धतही त्यांचीच. फळ्याजवळ खुर्ची ठेवून ते सगळ्यांकडे पाठ करून बसले, मांडीवर वही. खोलीभर पसरलेल्या पालकांनी आणि शिक्षकांनी आपापल्या जागेवरून एकेक संख्या म्हणायची, सरांनी ऐकू आली तशी लिहायची. वीस संख्या. भोंगाही एका कोपऱ्यात होती. तिची पाळी आल्यावर ती घसा फोडून ओरडली. सगळं झाल्यावर मोठ्या बाईंनी वही ताडून पाहिली. वीसपैकी सहा बरोबर होत्या, आणि तिची त्यांत नव्हती.

“सगळ्यात जास्त ओरडलीस तूच,” मावशी हळूच म्हणाल्या.

मग कामाला सुरुवात झाली. मावशींनी अडगळीतून जुन्या सतरंज्या, कापडाचे फलक आणि नकाशे काढले. कुणी घरचा गालिचा आणला, चित्रकलेच्या बाईंनी जाड पडदे आणले, ते दोऱ्यांवर टांगले. पुन्हा वीस संख्या. अकरा बरोबर आल्या. बाबा मागच्या भिंतीसमोर उभे राहिले. तळहातानं त्यांनी एक टाइल चाचपली, तिची कड किती सरळ बसली आहे ते पाहिलं आणि पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला.

पहिला घाव घालायला त्यांना वेळ लागला. नंतर लागला नाही. टाइल्स फुटत होत्या, मावशी आणि लाँड्रीवाले काका तुकडे घमेल्यात भरत होते. काका तोंडानं कुरकुरत होते, पण घमेलं सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच उचललं. आई आणि आठवीच्या वर्गशिक्षिका झाडत होत्या. दोन शनिवार आणि दोन रविवार गेले. मागची आणि डावीकडची भिंत उघडी झाली, तिथे आवाज शोषून घेणारे भोकाभोकाचे मऊ फलक बसले. बाकं सरळ रांगांतून काढून घोड्याच्या नालेसारखी मांडली, म्हणजे सरांना प्रत्येकाचं तोंड दिसेल. खोली आता देखणी राहिली नव्हती. दोन भिंती पांढऱ्या, दोन तपकिरी, एखाद्या शर्टाला दुसऱ्याच कापडाच्या बाह्या लावाव्यात तशी.

शेवटच्या रविवारी दुपारी सर पुन्हा पाठ करून बसले. भोंग्यानं या वेळी आवाज चढवला नाही. सावकाश, शब्द सुटा करून म्हणाली. वीसपैकी सोळा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे धुळीनं माखून नुसते उभे होते. मोठ्या बाई सरांसमोर गेल्या. “सर, तुमच्या त्या पत्राचं काय करायचं?”

सरांनी वही मिटली. “खोली सुधारली हे खरं. पण मी थांबेन ते खोलीमुळे नाही.” त्यांनी घोळक्यात शोधून भोंग्याकडे बोट केलं. “वर्ष झालं, मुलं माझ्या पाठीमागे हसत होती. मला दिसायचं ते. वाटायचं, आता इथे आपल्याला कुणी माणूस समजत नाही. मग ही उभी राहिली आणि तोंडावर विचारलं. जिथे असं एक तरी मूल आहे तिथे शिकवता येतं. पत्र परत द्या मला.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. बाबांची छाती फुगली, धुळीनं पांढरी झालेली. लाँड्रीवाले काकासुद्धा म्हणाले, “शाब्बास गं.” पलीकडे लांबी आणि चष्मिश फलकांचे उरलेले खिळे हातात धरून उभ्या होत्या. दोघींनी खाली बघितलं.

जिन्यात लांबीनं तिला गाठलं. “सर राहतायत ना? मग झालं की. आता उकरून काढू नकोस काही.”

“ते माझ्यामुळे राहतायत असं त्यांना वाटतंय.”

“मग बरोबरच आहे.”

“मी पण हसणाऱ्यांतलीच होते ना.”

“ते त्यांना कुठे माहितीये?” लांबी म्हणाली आणि भराभर जिना उतरून गेली.

घरी येईपर्यंत बाबा रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते. भाजीवाल्याला, शेजारच्या काकूंना. आमची पोरगी. तिनं विचारलं म्हणून. ती चार पावलं मागे चालत होती. एरवी एवढ्या वाटेत तिनं सोळा गोष्टी सांगितल्या असत्या.

घरात आल्यावर आईनं पाणी आणून दिलं. बाबा खुर्चीत बसून मोजे काढत होते, त्यांतून टाइलची कचकच जमिनीवर पडत होती.

“भोंगा आज बंद का?” बाबांनी विचारलं.

तिनं पेला खाली ठेवला आणि दोघांसमोर, दोघांना तिचा चेहरा दिसेल अशी उभी राहिली. पैजेचं तिनं सगळं सांगितलं. कुणी लावली, कशी लावली, प्रश्न विचारताना आपल्याला उत्तर नकोच होतं, नुसता हशा हवा होता, हेही. मध्ये कुठे थांबली नाही, भरभरही बोलली नाही.

आई पलंगाच्या कडेवर बसली. बाबांच्या हातात एक मोजा तसाच राहिला. ते म्हणाले, “सरांनी आज तुझ्या भरवशावर पत्र मागे घेतलंय.”

“माहितीये.”

“हे कळलं तर ते पुन्हा देतील. मग एवढं सगळं केलं ते...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांची फुटलेली बोटं गुडघ्यावर पडली होती.

“देतील कदाचित,” ती म्हणाली. तिचे शब्द सुटे होते. “पण ते खोट्यावर थांबलेत, बाबा. उद्या पहिल्या तासाच्या आधी मी त्यांच्यासमोर जाणार आहे आणि त्यांना सगळं सांगणार आहे. तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर यायचं नाही.”